पीडीएफ आहे का?

जुलै उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नंबरांवरून येऊ लागतो. "भाई, एम-थ्रीची पीडीएफ आहे का?" "दादा, डेटा स्ट्रक्चरच्या नोट्स पाठवाल का?" "सर, एसवाय बीकॉमचं कॉस्टिंगचं काही मिळेल का?" विचारणारे कधी मालेगावचे असतात, कधी परभणीचे, कधी पुण्यात कोंढव्यात कॉट बेसिसवर राहणारे. बहुतेक जण घरातले पहिलेच कॉलेजात गेलेले. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, एवढ्या भांडवलावर कॉस्टिंगच्या नोट्ससुद्धा माझ्याकडे असतील असं त्यांना वाटतं. मला त्याचं हसू येत नाही. ओळखीतला शिकलेला माणूस एकच असला की सगळे प्रश्न त्याच्याच दारात येतात.

पण हा प्रश्न थोडा उकलून पाहायला हवा. "पीडीएफ आहे का?" यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. काय वाचायचं, कशातून वाचायचं आणि अडलं तर कोणाला विचारायचं. पीडीएफ फार तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पहिला आणि तिसरा तसाच राहतो, आणि मुलं नापास होतात ती बहुतेक या दोन प्रश्नांवर. फोनमध्ये चाळीस पीडीएफ असलेला आणि चार विषय राहिलेला विद्यार्थी मी एक नाही, बरेच पाहिले आहेत.

हा विषय संपादकीयाच्या जागेत आणण्याचं कारण सांगतो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात साधारण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यात मुस्लीम विद्यार्थी सुमारे २१ लाख. म्हणजे शंभरात पाचही नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपलं प्रमाण शंभरात चौदा होतं. त्याआधीच्या वर्षी, करोनाच्या काळात, हा आकडा २१ लाखांवरून १९ लाखांवर घसरला होता. तो पुन्हा वर आला, पण मधल्या काळात जी मुलं बाहेर पडली त्यातली सगळीच परत आली नसणार. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल तर म्हणत होता की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक मुस्लीम आहे. आपण या आकड्यांवर बोलतो तेव्हा आरक्षण, शिष्यवृत्ती, फी, भेदभाव यांवर बोलतो. बोललंच पाहिजे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा आपण पुरेसं बोललोही नाही. पण जो मुलगा या सगळ्यातून वाट काढत प्रवेश घेतो आणि दुसऱ्या वर्षी वायडी लागून गपचूप गॅरेजवर परत येतो, त्याच्याबद्दल कोणी निवेदन देत नाही. प्रवेशाच्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. तिसऱ्या सत्राचा निकाल कोणी विचारत नाही.

त्याचं गळणं नेहमीच पैशामुळे नसतं. अनेकदा ते माहितीमुळे असतं. इंजिनिअर काका, प्राध्यापक मावशी, कॉलेजात शिकणारी चुलत बहीण असलेल्या घरात पुस्तकं वरून खाली येत राहतात. जुन्या प्रश्नपत्रिका येतात, 'या सरांचा पेपर असा असतो' हे शहाणपण येतं, 'दुसरं युनिट सोडू नकोस, त्यावर तिसरं उभं आहे' हा सल्ला येतो. हे सगळं घरच्या जेवणाच्या ताटावर मिळतं, म्हणून ते मिळतंय हे त्या मुलांच्या लक्षातही येत नाही. आपल्या बहुतेक घरांत ताट असतं, हा सल्ला नसतो.

माझ्या वेळची गोष्ट सांगतो. वडील तालुक्याच्या गावी ट्रकचे इंजिन दुरुस्त करायचे, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. स्मार्टफोन नव्हते. सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये द्यावे लागत आणि ते ऑर्कुटवर खर्च होत. पहिल्या वर्षीचं गणित माझ्या डोक्यावरून जात होतं. वसतिगृहात वरच्या मजल्यावर एक सीनियर राहायचा, लातूरकडच्या बौद्ध वस्तीतून आलेला. त्याने त्याची वही मला झेरॉक्सला दिली. वही म्हणजे फक्त उत्तरं नव्हती. समासात लाल पेनाने लिहिलेलं असायचं, 'इथे माझी चूक झाली होती', 'हे पाऊल सर गाळतात, आपण लिहायचं', 'हा प्रकार तीन वेळा आलाय'. ती वही त्यालाही कोणीतरी दिली होती आणि त्याने त्यात भर घातली होती. दोन वर्षांनी मी ती पुढे दिली तेव्हा समासात माझंही अक्षर होतं. छापील पुस्तक दुकानात मिळतं, तो समास मिळत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पीडीएफचा महापूर आहे आणि नेमका तो समास हरवला आहे.

आता थोडं कामाचं.

सगळ्यात आधी आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घ्या. हे इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो. पण मला विचारणाऱ्या दहातल्या जेमतेम दोघांनी ते केलेलं असतं. अभ्यासक्रमाच्या कागदावर युनिट, तास, गुणांची विभागणी आणि शेवटी पाठ्यपुस्तकं व संदर्भग्रंथांची नावं असतात. ती नावं हातात नसतील तर तुम्ही काय शोधताय हेच तुम्हाला माहीत नसतं. त्यावर 'पॅटर्न' कुठला आहे तेही बघा. पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगचे २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न झाले. विषयाचं नाव तेच राहतं, आतली युनिटं इकडची तिकडे होतात. २०१५ च्या नोट्स वाचून २०१९ चा पेपर द्यायला गेलेली मुलं परीक्षा हॉलमधून बाहेर येऊन पेपर 'आउट ऑफ सिलॅबस' होता म्हणतात. पेपर सिलॅबसमध्येच असतो, नोट्स बाहेरच्या असतात.

त्यानंतर कॉलेजची लायब्ररी. हो, तीच, जिथे आयकार्ड जमा करून फक्त वर्तमानपत्र वाचलं जातं. ग्रंथपालाला विचारा की बुक बँक आहे का. अनेक कॉलेजांत सत्रभरासाठी पुस्तकांचा पूर्ण संच देण्याची सोय असते, पण सूचना फलकावर ती नोटीस चार कागदांखाली दबलेली असते. विचारा की ई-जर्नल्सचं लॉगिन विद्यार्थ्यांना मिळतं का. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं. जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तुम्ही सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात असाल तर ज्या शोधनिबंधासाठी प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो तो तुम्हाला फुकट मिळू शकतो. इथे एक कडू बाब आहे. ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे, आणि आपली पुष्कळ मुलं खासगी, विनाअनुदानित कॉलेजांत शिकतात. ज्यांनी फी जास्त भरली त्यांच्याच तोंडावर दार बंद. यावर आवाज उठवायला हवा. तोपर्यंत एक जुना उपाय चालतो. शोधनिबंधाच्या लेखकाला साधा, सभ्य ईमेल पाठवा, 'मी अमुक विषयाचा विद्यार्थी आहे, आपला निबंध मिळेल का'. लेखकाला त्या निबंधाच्या विक्रीतून सहसा काही मिळत नसतं, वाचणारा मिळाला की त्याला आनंदच होतो.

झेरॉक्सचा विषय निघाला की मुलं दबक्या आवाजात विचारतात, हे बेकायदा तर नाही ना? त्याचं उत्तर दिल्लीच्या एका झेरॉक्स दुकानाने देशाला मिळवून दिलं आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतल्या प्रकरणांचा एकत्र संच काढून ते विकायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. विद्यार्थ्यांनी आपली संघटना करून त्यात उडी घेतली. तीनशेहून अधिक लेखक-अभ्यासकांनी खटला मागे घ्या असं प्रकाशकांना लिहिलं, आणि त्यात ज्यांच्या पुस्तकांवरून खटला होता असे लेखकही होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने प्रकाशकांचा दावा फेटाळला. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२(१)(आय) चा. शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हे उल्लंघन नाही. डिसेंबरमध्ये खंडपीठाने मूळ भूमिका मान्य केली, पण जे उतारे काढले ते शिकवण्यासाठी गरजेचे होते का, एवढा मुद्दा तपासायला खटला परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या प्रकरणाची प्रत काढणं हा तुमचा हक्क आहे, चोरी नाही. पण बाजारात मिळणारं सातशे पानांचं पुस्तक स्कॅन करून टेलिग्रामच्या पन्नास हजारांच्या चॅनेलवर टाकणं याला या निकालाने मान्यता दिलेली नाही. पुण्यामुंबईच्या स्थानिक प्रकाशकांची सत्रापुरती पुस्तकं लिहिणारे बरेच जण तुमच्याआमच्यासारखेच कॉलेजचे मास्तर असतात. ती पुस्तकं अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी, निम्म्या किमतीत मिळतात. सत्र संपल्यावर विकताही येतात. चोरलेल्या पीडीएफचा माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. जे उघडपणे, हक्काने, फुकट उपलब्ध आहे त्याकडे तिच्यामुळे आपलं लक्षच जात नाही.

आणि जे उपलब्ध आहे ते खरोखर अफाट आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. तिथली व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, लेखी रूपातही मिळतात. माझं मत विचाराल तर ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बघायची गोष्ट नाही. ती लांब आहेत, खोल आहेत, आणि विद्यापीठाच्या पेपराला लागतं त्यापेक्षा जास्त देतात. एखादं युनिट अजिबात कळत नसेल तर त्या युनिटापुरती तीन-चार व्याख्यानं निवडा, पूर्ण कोर्सच्या मागे लागू नका. २०१७ मध्ये आलेल्या 'स्वयम'वर वाणिज्य, कायदा, इतिहास, अध्यापन असे सगळे विषय आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करून त्याचे क्रेडिट मिळवता येतात. आपलं कॉलेज ते धरतं का, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्या.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना मी आधी इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश'कडे पाठवतो. इग्नूची अभ्यासपुस्तिका एकट्याने, शिक्षकाशिवाय शिकणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते, आणि ज्याच्या कॉलेजात तास होत नाहीत तोही एकटाच शिकत असतो. इंग्रजीबरोबर हिंदीतही पुष्कळ साहित्य आहे. एमएच्या मुलांसाठी ई-पीजी पाठशाला आहे. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी 'शोधगंगा' आहे, देशभरातले पीएचडी प्रबंध तिथे ठेवलेले आहेत आणि मराठीतलेही कितीतरी आहेत. त्यातले सगळे चांगले आहेत असं अजिबात नाही. काही वाचून आपणही पीएचडी होऊ शकतो असा धीर येतो, तोही एक फायदाच. पण प्रबंध वाईट असला तरी त्याची संदर्भसूची बहुधा कामाची असते. खरगपूर आयआयटीचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोठं आहे, फक्त तिथला शोध तुमच्या संयमाची परीक्षा घेतो. पुस्तकच हवं असेल तर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं 'ओपनस्टॅक्स' पाहा. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांची पूर्ण, नीट संपादित पाठ्यपुस्तकं तिथे खुल्या परवान्याखाली आहेत. उतरवा, छापा, फुकट वाटा. कोणी विचारणार नाही, कारण विचारायची गरजच ठेवलेली नाही.

भाषेचा अडथळा आपल्याकडे दुहेरी आहे. कोणी उर्दू माध्यमातून दहावी करून येतं, कोणी मराठीतून, आणि बारावीनंतर अचानक सगळं इंग्रजीत. वर्गात हुशार असलेला मुलगा एका वर्षात मुका होतो. इथे मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचं नाव मी मुद्दाम घेतो. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, त्यांचा आवाज मराठीत, समोर पडद्यावर प्रत्यक्ष काम चाललेलं. लिनक्स, सी, जावा, पायथन हे सगळं त्यात येतं. ऐकायचं, थांबवायचं, आपल्या यंत्रावर करून बघायचं. माझ्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तालुक्याच्या मुलाला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. एआयसीटीईने इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीत आणली आहेत, ती इंग्रजी पुस्तकाशेजारी उघडून ठेवावीत. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आंतरजालावर मोफत आहेत. संकल्पना मायबोलीत समजून घेणं आणि उत्तर इंग्रजीत लिहिणं यात कमीपणा नाही. आणि हो, हल्ली सगळे एआयला विचारतात. विचारा, एखादं गणित पाचव्यांदा समजावून सांगायला ते कंटाळत नाही. पण ते बिनदिक्कत नसलेल्या पुस्तकाचं नाव आणि नसलेल्या लेखकाचा निबंध सांगतं. प्रकल्पाच्या संदर्भसूचीत तसलं एखादं नाव गेलं आणि तोंडी परीक्षेत सरांनी ते पुस्तक मागितलं, तर तुमची बाजू घ्यायला ते येणार नाही.

एवढं सगळं असून मुलांपर्यंत पोचत का नाही? कारण आपण वाटप करतो, मांडणी करत नाही. आमच्या धंद्यात कोड लिहिणं अर्धं काम असतं. उरलेलं अर्धं म्हणजे ते दुसऱ्याला सापडेल, कळेल, दुरुस्त करता येईल असं ठेवणं. १९९१ मध्ये लिनक्स हा फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याचा छंद होता. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात, कारण त्याने नुसतं वाटलं नाही, इतरांना भर घालता येईल अशा रीतीने वाटलं. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय होतं? 'स्कॅन००३४ न्यू फायनल' नावाची फाइल येते. कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या पॅटर्नची, कोणाच्या हातची, पूर्ण की अर्धी, काही पत्ता नाही. तिच्यावर दोन तासांत सुप्रभात, जुम्मा मुबारक आणि कुणाच्या तरी हरवलेल्या पाकिटाचा थर चढतो. महिन्याने कोणीतरी विचारतं, "भाई, पीडीएफ आहे का?"

म्हणून एका कॉलेजातल्या एका शाखेपुरतं तरी हे करून बघा. एक सामायिक ड्राइव्ह. फाइलच्या नावातच विद्यापीठ, पॅटर्न, सत्र, विषय, युनिट. सुरुवातीला एक साधी तक्त्याची फाइल, तिच्यात प्रत्येक नोटीसमोर कोणी लिहिली, कधी टाकली, कुठलं युनिट अजून नाही हे लिहिलेलं. विषयागणिक एक माणूस जबाबदार, आणि चुकीचं, जुनं, दुबार काढून टाकण्याचा त्याला अधिकार. काढून टाकणं हे भर घालण्याइतकंच मोठं काम आहे, आपल्याकडे ते कोणी करत नाही कारण पुण्य टाकण्यात वाटतं. चाव्या दोघांकडे असू द्या, त्यातला एक खालच्या वर्गातला. एका गटाने मेहनतीने जमवलेला संग्रह कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यावर ठेवला होता. पदवी झाली, खातं बंद झालं, तीन वर्षांचं काम एका रात्रीत गेलं. इतरांची पुस्तकं टाकण्याऐवजी त्यांचे दुवे टाका आणि जागा स्वतःच्या ऐवजासाठी ठेवा. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, हाताने लिहिलेल्या नोट्स, आणि अडणाऱ्या एखाद्या मुद्द्यावर आपल्या बोलीत, दखनीत म्हणा, मराठीत म्हणा, दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण. स्कॅन करताना खिडकीजवळ बसा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत निम्म्या पानावर आपल्याच हाताची सावली असते.

मुलींचा मुद्दा वेगळा सांगायलाच हवा. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलं की आपला नंबर दोन-अडीचशे अनोळखी मुलांसमोर उघडा होतो. रात्री अकराला 'हाय' यायला लागतं. घरी कळलं तर आधी फोन जातो, मग कॉलेज. म्हणून अनेक मुली ग्रुपमध्ये येतच नाहीत, आणि ज्या वर्गात सगळ्या नोट्स ग्रुपवर फिरतात त्या वर्गात त्या बिननोट्सच्या राहतात. आपण मात्र मुली पुढे येत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो. उपाय फार सोपा आहे. ड्राइव्हचा दुवा असा ठेवा की कुठल्याही ग्रुपात न येता, नंबर न देता उघडता येईल. सूचना द्यायच्या असतील तर ग्रुपऐवजी चॅनेल वापरा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. आणि जबाबदार माणसांत मुली असू द्या, नावापुरत्या नव्हे, चावी हातात असलेल्या. माझा अनुभव असा की मुलींच्या नोट्स जास्त नीट असतात. त्यांची झेरॉक्स काढून मुलं पास होतात आणि ड्राइव्हवर नाव मुलाचं असतं.

जागेचंही तसंच. पुण्यात अभ्यासिका हा मोठा धंदा झाला आहे, महिन्याला हजार-दीड हजार रुपये खुर्चीचे. मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे एकीकडे शिलाई मशीन चालतं आणि दुसरीकडे टीव्ही, तिथे अभ्यासाची जागा कुठून येणार? आपल्या प्रत्येक शहरात जमातखाने आहेत, शादीखाने आहेत. लग्नसराई सोडली तर ते दिवसभर कुलुपात असतात. त्यांना झुंबर लावायला वर्गणी निघते, पंखे, टेबलं आणि वाय-फाय लावायलाही निघू शकते. काही ठिकाणी तरुणांनी हे विचारून पाहिलं, आधी नकार मिळाला, मग सकाळचे चार तास मिळाले. मुलींसाठी ठरावीक वेळ नव्हे, रोजची जागा मागा. आठवड्यातून एक दिवस दुपारी दोन ते चार, यात कोणाचाही पेपर होत नाही.

यावर एक प्रश्न नेहमी येतो आणि तो विचारणारे वाईट लोक नसतात. हे आपल्या समाजापुरतं ठेवायचं की सगळ्यांसाठी? आपल्यांनाच पुरत नाही, मग इतरांना का? मला यात हिशेबाचीच चूक दिसते. नोट्स म्हणजे बिर्याणीची देग नाही, की वाढपी पुढे गेला की तळ दिसेल. कोणी उतरवून घेतली म्हणून फाइल कमी होत नाही. उलट वापरणारा वाढला की चूक दाखवणारा वाढतो, भर घालणारा वाढतो. आणि ज्या गोष्टीसाठी आपली मुलं तडफडतात त्याच गोष्टीसाठी किनवटचा आदिवासी मुलगा, बीडच्या ऊसतोड कामगाराची मुलगी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं पोर तडफडतं. त्यांच्याही घरात इंजिनिअर काका नसतो. ड्राइव्हवर कुलूप लावून आपण अडवतो ते नेमकं त्यांनाच. ज्यांना काका आहेत त्यांना आपल्या ड्राइव्हची गरजच नाही. मला ज्या वहीने पास केलं ती लिहिणाऱ्याने माझं आडनाव विचारून झेरॉक्सला दिली असती, तर आज मी हे लिहायला इथे नसतो.

तेव्हा सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतील तर हे काम ऑगस्टमध्येच हाती घ्यावं लागेल. दिवाळीच्या तोंडावर जमवलेल्या नोट्स फक्त जमवल्या जातात, वाचायला वेळ राहत नाही. पहिल्या वर्षाच्या ज्या विषयात सगळ्यात जास्त मुलं अडकतात तो एकच विषय आधी घ्या. इंजिनिअरिंगला बहुधा गणित असेल, कॉमर्सला अकाउंट्स किंवा कॉस्टिंग. गेल्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करा. मग तो विषय नुकताच, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात सुटलेल्या एखाद्या सीनियरला गाठा. पहिल्या फटक्यात नव्वद मिळवणाऱ्याकडे जाऊ नका. त्याला कुठे अडतं हेच माहीत नसतं. दुसऱ्या प्रयत्नातल्याला प्रत्येक खड्डा ठाऊक असतो, आणि त्याची वही आजवर कोणी मागितलेली नसते.